तू हरलीस ती गेटसभा

आई, तुझी नात परवा दुपारी जेवता जेवता मला म्हणाली, "आजी गेटवर नक्की काय बोललेली गं?" मी हातातला घास ताटात ठेवला. तू गेलीस तेव्हा ती बालवाडीतही जात नव्हती. तुझा चेहरा तिला फोटोतला माहीत आहे, आवाज आठवतच नाही. आता ती डोंबिवलीत स्कूटरवरून घरोघरी पार्सलं पोचवते आणि तिच्यासारख्या पोरापोरींनी मिळून एक संघटना काढली आहे. कंपनी त्यांना खाजगी अपघात विमा देऊ करते आहे. काही जण म्हणतात, मिळतंय ते घ्या आणि गप्प बसा. काही म्हणतात, आम्हाला कामगारांचा सरकारी विमा हवा, घरच्यांसकट. ही दुसऱ्या बाजूची. रविवारी विहाराच्या हॉलमध्ये त्यांची सभा आहे. "मला पण बोलायचंय. सांग ना, पॉइंट मिळतील," म्हणाली. मी भाषण सांगायला बसले, तर सगळ्यात आधी आठवली ती खोकल्याच्या औषधाची बाटली.

शुक्रवारी तुमच्या फॅक्टरीला सुट्टी असायची आणि माझी शाळा दुपारची. मानपाड्याच्या त्या स्विचच्या फॅक्टरीत आठवडाभर पितळेचे बारके स्क्रू पिळून तुझ्या बोटांना एक वास राहायचा. भाकरी थापतानाही तो जायचा नाही. त्या दिवशी तू सकाळीच भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी करून ठेवायचीस, रिकामी बाटली गरम पाण्याने विसळून पालथी घालायचीस, आणि आपण दोघी विम्याच्या दवाखान्यात निघायचो. औषध मिळायचं, पण बाटली आपली न्यावी लागायची. माझ्या आजीचा दमा, तुझी पाठ, माझं कायमचं सर्दीपडसं, सगळं त्या एका दवाखान्यात. बाबा गेल्यावर तुझी आई आपल्याकडे राहायला आली होती. लेकीकडे आई राहते म्हणून चाळीत कुजबुज व्हायची. दवाखान्याच्या कार्डावर मात्र तिचं नाव अगदी राजरोस होतं, ह्याचा तुला केवढा आनंद! कार्ड दाखवताना तू तिच्या नावावर बोट ठेवायचीस.

रांग लांब असायची. बायका पिशव्या आणि चपला जागेवर ठेवून भिंतीच्या सावलीला जायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "आपण त्या नाक्यावरच्या डॉक्टरकडे का नाही जात? इथं फुकटचं म्हणून किती वेळ उभं करतात." तू माझा दंड धरलास. लागलं नाही, पण धरलास. "फुकटचं नाही हे. महिन्याच्या महिन्याला माझ्या पगारातून जातं. आपण भीक मागायला आलेलो नाही. नीट सरळ उभी राहा." रांगेतल्या दोन बायका मागे वळून बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग परत येताना तू कागदाच्या पुडीत उकडलेल्या शेंगा घेऊन दिल्यास आणि स्टेशनच्या पुलावर आपण दोघींनी त्या खाल्ल्या. तू रागावलीस की काहीतरी खायला घालायचीस. मी पण आता तेच करते.

त्याच रांगेतल्या बायकांना गोळा करून तू मोठ्या डॉक्टरांकडे गेलीस ते मला अजून लख्ख दिसतं. तू दारात उभी आहेस, पदर खोचलेला, आणि म्हणते आहेस, "साहेब, औषध नसेल तर आम्ही परत येऊ. पण म्हाताऱ्या माणसांना बसायला तरी द्या." डॉक्टर आधी चिडले, मग म्हणाले, अर्ज द्या. तू अर्ज दिलास, परत गेलीस, पुन्हा गेलीस. शेवटी एक दिवस भिंतीलगत लांबलचक बाक आला. आजी त्याच्यावर बसली आणि मांडी घालून सगळ्यांकडे असं बघायला लागली, जणू तिनेच तो सुताराकडून करून घेतला.

मग कराराचं वर्ष आलं. युनियनच्या कमिटीवर तू एकटी बाई. कंपनीने पगारवाढ चांगली देऊ केली. पण ती घेतली की तुम्ही कायम कामगार सरकारी विम्याच्या पगारमर्यादेच्या वर जाणार, म्हणजे दवाखाना बंद. त्याच्या बदल्यात खाजगी कंपनीचं कार्ड. त्यात नवरा, बायको, मुलं. आईबाप नाहीत. दवाखान्याला विटलेली तरुण माणसं खूश झाली. त्यांचं तरी काय चुकलं? तिथे कधी औषध नसायचं, कधी डॉक्टर मान वर करून बघायचे नाहीत.

गेटसभेला तू मला मुद्दाम बोलावलंस. मी तेव्हा बारावीला. पहिली पाळी सुटलेली, दुसरी आत जायची, आणि फाटकासमोर सगळे उन्हात उभे. युनियनचे सेक्रेटरी कराराच्या बाजूने बोलले, टाळ्या पडल्या. मग तू लाकडी खोक्यावर चढलीस. एकाने हात दिला तो तू घेतला नाहीस. सुरुवातीला तुझा आवाज फाटला. कोणीतरी मागून ओरडलं, "बाई, आटपा, गाडी चुकेल."

"चुकू दे एक गाडी," तू म्हणालीस. "माझी आई ह्या कार्डात बसत नाही. तुमच्या आया बसतात का? बसत असतील तर मी खाली उतरते."

तू खोक्यावरून उतरली नाहीस.

"दवाखाना वाईट आहे हे मला सांगू नका. तुमच्यापेक्षा जास्त उभी राहिलेय मी तिथं. पण आपण बाहेर पडलो की मागे कोण उरणार? ह्या कमी पगाराच्या, कंत्राटातल्या पोरी. त्यांना आज घेतात, उद्या काढतात. त्या साहेबाच्या दारात जाऊन भांडतील? आपण कायम आहोत म्हणून भांडू शकतो. पगार वाढवून मागा, मी पण मागते. पण विम्याची मर्यादा वाढवा म्हणून सरकारकडे जाऊ, दवाखाना नीट करा म्हणून मोर्चा नेऊ. हे सोडून पळायचं नाही."

सेक्रेटरी चांगले गृहस्थ होते. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, सरकारची मर्यादा कधी वाढणार? पोरांच्या फिया ह्या जूनला भरायच्यात." मग हात वर करायला सांगितलं. करार पास झाला, दणक्यात. तुझ्या बाजूने थोडे हात, त्यातले बरेच बायकांचे. तू खोक्यावरून उतरलीस आणि म्हणालीस, "ठरलं ते ठरलं. सही मी पण करते." घरी येऊन तू रोजच्यासारखा कुकर लावलास. आजीने विचारलं, "काय झालं गं?" तू म्हणालीस, "पगार वाढला."

तुझ्या नातीला वाटलं, गोष्ट इथं संपली. मी म्हटलं, थांब. दोन वर्षांनी तुझ्या पित्ताशयात खडे निघाले आणि त्याच कार्डावर ठाण्याच्या एका चकचकीत इस्पितळात तुझं ऑपरेशन झालं. रोज धुतलेली चादर, नर्स तुला मॅडम म्हणते. तू लहान मुलासारखी हरखली होतीस. पलंग वर करायचं बटण दाबून मला दाखवलंस. मग जरा वेळाने म्हणालीस, "असं आपल्या दवाखान्यात का नाही होत गं? तिथं तर पैसे आपलेच असतात." सेक्रेटरी सफरचंदं घेऊन भेटायला आले. "काय बाई, कार्ड बरं आहे ना?" तू म्हणालीस, "बरं आहे. आता माझ्या आईला आणा ह्या कार्डावर, मग अजून बरं म्हणेन." ते हसले, आणि मग त्यांनी उगाच सफरचंदांची पिशवी नीट लावली.

आजीच्या दम्याचं औषध आपण शेवटपर्यंत दुकानातून आणलं. तू रिटायर झालीस त्या दिवशी तुझंही कार्ड संपलं. तुझ्याच लाइनवरची एक कंत्राटी बाई विम्यात राहूनच निवृत्त झाली, तिला थोडक्या वर्गणीत दवाखाना चालू राहिला. तू तिच्या सोबतीला जायचीस. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "तुमचं काय?" तर म्हणायचीस, "माझं काही नाही, हिला सोबत." आणि तासभर रांगेत उभी राहून तिथल्या बायकांना कुठला अर्ज कुठे द्यायचा ते सांगायचीस. मी चिडायचे. तू नुसती हसायचीस. पुढे तू गेलीस ती झटक्यात, कुठल्याच कार्डाची वेळ आली नाही.

पोरीने सगळं ऐकून घेतलं. "भारी होती यार आजी," म्हणाली. मग विचारलं, "पण मग ती हरलीच ना?" मी म्हटलं, हो, हरली. ती ताट उचलून मोरीकडे गेली आणि तिथूनच ओरडली, "मी तर बोलणारच."

हे लिहिलेले कागद मी कुठे पाठवणार नाही, तिलाही दाखवणार नाही. तू कोणाच्या बाजूने होतीस, हा एक प्रश्न तिने मला विचारला नाही, म्हणून मी बचावले. त्या दिवशी फाटकाबाहेर उभी होते, मला मत नव्हतं. पण सेक्रेटरींनी हात वर करा म्हटल्यावर माझा हात दप्तराच्या पट्ट्यावरून सुटला होता, आई. मत असतं तर मी पगारवाढीला दिलं असतं. आणि आजही मला खात्री नाही की तू बरोबर होतीस. फक्त रविवारी पोरगी बोलायला उभी राहील तेव्हा मी मागच्या रांगेत बसणार आहे, आणि तिच्या बाजूने वर झालेले हात मोजायचा मला धीर होणार नाही.