बाबांचा सतरावा नंबर आणि पॉलिश पेपर

ती. आत्यास,
लांबूनच वाकून नमस्कार.

एखाद्याने मायेपोटी आकडा बिघडवला, तर त्याला लबाडी म्हणायचं का? घरातली पहिली पदवीधर असूनही मला याचं उत्तर येत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? आमच्याकडे सगळे बरे आहेत, बाबांचा वरचा एक दात सोडून.

मी दातांच्या दवाखान्यात झीज मोजते, हे तुला ठाऊक आहेच. खरा दात चावताना किंचित दबतो (खाली गादी असल्यासारखा). हाडात स्क्रूने बसवलेला दात मुळीच दबत नाही. मग त्याच्या समोरचा खरा दात जास्त झिजतो का, हे पाहायला आम्ही तीस माणसांच्या दातांचे साचे दर सहा महिन्यांनी घेतो. बाबा त्यातले सतरावे. दारं-खिडक्या करून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना ते आ करून खालचा स्क्रूवाला दात दाखवतात (आणि लगोलग माझी पदवी सांगतात).

या खेपेला त्यांच्या वरच्या दाताची झीज इतरांच्या चौपट निघाली. डॉक्टरबाई खूश. हा आकडा मोठ्या सभेत मांडायचा आणि तोही मीच, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. मी तरंगतच घरी आले आणि बाबांना सांगितलं. त्यांनी रंधा बाजूला ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "झिजणारच. मी घासलाय."

चावताना उंच लागत होतं म्हणे. दार चौकटीला अडलं की जे करतात तेच त्यांनी केलं: आरशासमोर उभं राहून पॉलिश पेपर. आधी स्क्रूवाला घासून पाहिला, तो दाद देईना, म्हणून वरचा. शिवाय लेकीच्या मोजणीत बापाचाच दात ओबडधोबड निघाला तर बरं दिसत नाही. दवाखाना होता ना, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तुला कशाला त्रास? पाच मिनिटांचं काम." आता गार पाणी प्यायले की एका पायावर उभे राहतात, आणि विचारलं तर मुंगी चावली म्हणतात.

खरं सांगितलं तर माझं भाषण जाईल. ते जाऊ दे. पण आपल्या दातामुळे लेक भाषण करणार, हे बाबा गल्लीभर सांगून बसलेत. तू त्यांची मोठी बहीण, तुझा सल्ला हवा. सावकाश विचार करून कळव.

तुझी भाची

ता. क. खरं म्हणजे सल्ला नको, तूच ये. बाबांना हे सांगायचंय, आणि ते फक्त तुझंच ऐकतात.

आणखी एक ता. क. तो आकडा मी काल सकाळीच डॉक्टरबाईंसमोर खोडला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: सुतारकाम.