व्याह्यांकडून घेतलेली मोटार

९ नोव्हेंबर १९३२
आज मोटार दारात आली. हिरवी, नवी कोरी. दादासाहेब स्वतः बसून घेऊन आले. सौ.ने चाकांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आळीतली निम्मी माणसं फाटकाशी.
मला मोटार नको होती. टांग्यावर वीस वर्षं व्हिजिटा केल्या, पुढेही झाल्या असत्या. पण दादासाहेब गावातले एकटे मोटारविके आणि आमचे व्याही. दसऱ्यापासून एकच पालुपद. "सुनेचा बाप डॉक्टर आणि टांग्यात बसतो, आमचं गिऱ्हाईक काय म्हणेल?" आमची सुशी त्यांच्या घरात. पहिलटकरीण. नाही म्हणवलं नाही.
इस्माईल ड्रायव्हर ठेवला. पन्नाशीचा, पूर्वी लॉरीवर होता. कमी बोलतो.

१२ नोव्हेंबर
दा.सा. सकाळीच. "डॉक्टर, चार ओळी लिहून द्या. साप्ताहिकात छापायच्यात." गाडी येऊन तीन दिवस झालेत म्हटलं. "मग काय, चालते ना?" चालते. लिहून दिलं: गाडी भक्कम, वागणूक सचोटीची, मी पूर्ण समाधानी आहे. सही.

२१ नोव्हेंबर
छापून आलं. नाव मोठ्या टाइपात. कोर्टात, बाजारात, जो तो अभिनंदन करतो, मोटार मीच बनवल्यासारखं.
डाव्या बाजूचं दार उघडत नाही. दिवे मध्येच मालवतात. इस्माईलने खिळ्याचं डोकं नखाने खरवडून दाखवलं. "साहेब, नव्या गाडीला एवढा गंज?" दमट हवा, म्हणालो.

४ डिसेंबर
आज वाचलो. जयगडच्या बाजूची व्हिजिट करून येत होतो. निवळीच्या उतारावर इस्माईल एकदम "धरून बसा" म्हणाला. ब्रेक दाबतोय आणि पाय नुसता आत जातोय. वळणाला त्याने गाडी मुद्दाम कडेच्या दगडी गडग्यावर घातली. चिरे ढासळले, गाडी थांबली. पलीकडे दरी. मला कपाळाला खोक, त्याचं मनगट मुरगळलं.
उठल्यावर त्याने पायाखालची फळी उपसली. ब्रेकची सळई मधोमध तुटलेली, आतून खाल्लेली. आजूबाजूला पांढरं मीठ. कोपऱ्यात मूठभर वाळू आणि एक शिंपली. शिंपली त्याने माझ्या हातावर ठेवली.

६ डिसेंबर
भाट्याचा एक तांडेल, बोटीवरचा माल होडीने उतरवणारा, हाताचं गळू फोडून घ्यायला आला. जाताना अंगणात ओढून आणलेल्या मोटारीपाशी उभा राहिला.
"हीच ती. आगबोटीवरनं उतरवताना आमचा पडाव कलंडला. दोन मोटारी गेल्या पाण्यात. दुसऱ्या दिवशी दोर लावून काडल्या."
दोन?
"व्हय, दोन. दादासायब बोलले कुटं बोलू नका. तुमी व्याही, तुमाला ठावं असंल म्हणून बोललो."
दुसरी अजून दुकानात उभी आहे. निळी. पाहिली आहे मी.

८ डिसेंबर
दुकानात गेलो. घर मागेच. दा.सा.नी नाकारलं नाही, हेच नवल.
"गोड्या पाण्याने धुतली, तेल घातलं, रंग दिला. नवी नाही तर काय जुनी? कुणी चालवली होती का आधी?"
म्हटलं, चार दिवसांपूर्वी मी दरीत गेलो असतो.
"नवी सळई बसवून देतो. घरचा माणूस म्हणून." मग हळूच, "आणि दुसरीबद्दल कुठे बोलू नका. तुमच्या चार ओळी आहेत माझ्याकडे, तुमच्याच अक्षरात. लोक मला विचारतील तसे तुम्हालाही विचारतील." शेवटी, चष्मा पुसता पुसता, "सुशीला बाळंतपणाला कधी पाठवायचं ते आमची मंडळी ठरवतील. घाई नाही ना?"
चहा घेऊन सुशीच आली. खाली वाकली तेव्हा घोट्यांकडे नजर गेली. सूज आहे. कपबशी ठेवून आत गेली. जावई हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसलेले.

१८ डिसेंबर
सौ.ला सगळं सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. "काही बोलू नका. पोर घरी येऊ दे. मग काय भांडायचं ते भांडा."
पुन्हा टांग्याने फिरतो. लोक विचारतात, मोटार कुठे? इस्माईलचा हात दुखावलाय, सांगतो. त्याचा हात केव्हाच बरा झाला. तोही आता तेच सांगतो, माझ्यासाठी.

३ जानेवारी १९३३
आळीतला राघो आला. मुंबईस गिरणीत होता, गिरणी सुटली, आता इथेच उतारूंची मोटार चालवणार. रत्नागिरी ते जयगड. म्हणजे निवळीचा उतार, दिवसातून दोनदा. दा.सा.कडची निळी गाडी पाहिली आहे. खिशातून कात्रण काढलं. माझ्या चार ओळी, घडीवर फाटत आलेल्या.
"डॉक्टर, मला मोटारीतलं काय कळतं? तुमच्या शब्दावर घेतो."
विचार करून घे, म्हटलं.
"विचार केलाच की, हे वाचून."
त्याने नमस्कार केला. गेला. फाटकापर्यंत हाक मारता आली असती. खुर्चीला चिकटलो होतो.

९ जानेवारी
सुशीला न्यायला गेलो. सूज आता पिंढऱ्यांपर्यंत. डोकं दुखतं म्हणते. तपासू दिलं नाही. विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या घरी आम्ही वैद्य बोलावलाय."
दा.सा.नी बाहेर नेऊन सांगितलं. संक्रांतीला राघोला गाडी द्यायची, चार माणसांसमोर. "नारळ तुमच्या हातून फुटला पाहिजे. त्याच संध्याकाळी पोरीला घेऊन जा. मी स्वतः बसवून देतो."
हो म्हणालो? आठवत नाही. मान हलली असावी.

१२ जानेवारी
वैद्यांना भेटण्याच्या निमित्ताने पुन्हा गेलो. माजघराच्या दाराशी सुशी एकटीच होती. चेहरा भरलेला, बांगड्या रुतलेल्या. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. मी काही बोलणार तेवढ्यात,
"अण्णा, मला यांनी सगळं सांगितलंय. निळीचंसुद्धा."
तू त्यात पडू नकोस, म्हटलं. दोन दिवसांनी घरी येणारच आहेस.
"त्या गाडीत माणसं बसणार ना? त्यांत एखादी माझ्यासारखी असेल. नारळ फोडू नका. माझं मी बघते."
काय बघणार आहे ती? जिन्यावरून पावलं आली आणि ती आत गेली.
या काजव्यांपुढे काय असतं ते मला ठाऊक आहे. झटके. मी हे इतरांच्या मुलींत पाहिलं आहे. एक वाचली होती. एक नाही.

१३ जानेवारी
दिवसभर काही सुचलं नाही. रोग्यांना औषधं कंपाउंडरनेच दिली.

१४ जानेवारी
झालं ते लिहून ठेवतो.
दुकानासमोर निळ्या गाडीला झेंडूच्या माळा. पंधरावीस माणसं. राघोची बायको नव्या लुगड्यात, मूल कडेवर. मागच्या घराच्या माडीवर गजाआड सुशी उभी. दा.सा.नी नारळ हातात दिला. मी तो घेतलाही. राघो खाली वाकून माझ्या पाया पडला, आणि मला ते सोसवलं नाही.
म्हणालो, "राघो, ऊठ. आधी पायाखालची फळी उपस."
तो हसला. त्याला थट्टा वाटली. दा.सा. म्हणाले, "डॉक्टर, मुहूर्त चाललाय." मी पुन्हा तेच म्हटलं, जोरात. मग इस्माईलच पुढे झाला. फळी निघाली. रंगाखालून लालभडक गंज, तळाला वाळू. सगळे वाकून बघत होते. मी सांगितलं, दोन्ही समुद्रात पडलेल्या. माझ्या गाडीची सळई उतारावर तुटली. माझ्या चार ओळी खोट्या आहेत.
राघो माझ्याकडे बघत होता.
"तुमच्या दारात आलो होतो ना मी?" तो म्हणाला. "तेव्हा का नाही सांगितलंत?"
मी नारळ तसाच धरून उभा.
दा.सा.नी माझ्या हातातून नारळ काढून घेतला. अगदी शांतपणे. "आता घरी जा डॉक्टर. एकटेच."
वर पाहिलं. गजाआड कुणी नव्हतं.

१५ जानेवारी
सकाळी दोनदा गेलो. "सूनबाई निजल्यात." दार पुरतं उघडलंसुद्धा नाही. पोलिसांत काय म्हणून जाऊ? सासरी आहे, सासरचे म्हणतात ठीक आहे. साप्ताहिकाला पत्र दिलं, माझं नाव काढा म्हणून. संपादकांनी ठेवून घेतलं. छापतीलसं वाटत नाही.
दुपारी जावई आले. मागच्या दाराने, विहिरीकडून. उभ्याउभ्याच सांगितलं, "कालपासून उलट्या होताहेत. दादा कुणाला बोलावू देत नाहीत. आलो हे सांगू नका." तिला घेऊनच का नाही आलात, मी ओरडलो. मग त्यांचा चेहरा पाहिला. तसाच खुर्चीला चिकटून मीही महिनाभर बसलो होतो.
मी निघालो तर सौ.ने वाट अडवली. "तुम्ही गेलात की ते दार लावतात. मी जाते. मला हात धरून कोण बाहेर काढतो बघते." पायांत चपलाही नव्हत्या. जावई तिच्या मागे चार पावलं, खाली बघत. इस्माईल त्यांच्या मागे.
इकडे खाट घातली आहे. खिडक्यांना जाड पडदे लावले, उजेड नको तिला, उजेडाने झटका येतो. पाणी उकळून ठेवलं. बॅग तीनदा उघडून पाहिली.
दोन घरांत चालत सात मिनिटांचं अंतर. त्यांना जाऊन दीड तास झाला.