पत्राने शिकवलेली तलवार

भाईंदर पूर्व,
६ जानेवारी २०२५

ती. लवूदादास,
सुगंधाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू ऐकून न ऐकल्यासारखं करतोस, म्हणून पत्र. आधी खाली बस. तुझी एकसष्ट वर्षांची बहीण तलवार चालवायला शिकतेय!

घाबरू नकोस, कोणाशी भांडण नाही. ताई ची म्हणून चिनी व्यायाम आहे, त्यातली तलवार. रोज सकाळी बागेत आम्ही बाराजणी असतो, नीलमबाई शिकवतात. तलवारीला धार नाही, मुठीला लाल गोंडा आहे आणि सगळं इतकं सावकाश, की एक पाऊल टाकून होईपर्यंत गॅसवरचं दूध उतू जाईल. काल ती ओढणीत गुंडाळून केबिन रोडवरून येत होते, तर रिक्षावाल्याने नाटकात काम करता का, असं हिंदीत विचारलं. मी खुशाल हो म्हटलं. रोहितने ऐकून आईच्या नावाने कपाळाला हात लावला.

आता कामाचं. शिडीवरून पडलास त्याला पाच महिने झाले. प्लास्टर निघालं तरी डावा हात खांद्याच्या वर जात नाही, तू तो हलवतही नाहीस, आणि मृदंग आढ्याला टांगून गावच्या नमन-खेळ्यांच्या मंडळाला दुसरा वादक बघायला सांगितलंस, हे सगळं वहिनीने मला कळवलंय. चाळीस वर्षं वाजवलंस आणि आता शिमग्याला घरात बसणार? मला नाही सहन होत, दादा. बाई जे करून दाखवतात ते मी वहीत लिहून घेते, तेच तुला पाठवत जाईन. एक काठी घे आणि कर. पहिले चार प्रकार सोबत आहेत.

आशावहिनीला नमस्कार. लोभ आहेच, राग आला तर तोही पत्रातूनच येऊ दे.

तुझी,
सुगंधा


कोंडवाडी, ता. गुहागर,
२५ जानेवारी २०२५

चि. सुगंधास,
अनेक आशीर्वाद.

साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही खोटं नाही. गावात बोभाटा नको म्हणून मी गप्प होतो, पण तुझी वहिनी पाणवठ्यावर सांगून मोकळी झाली.

तुझे चारही प्रकार केले. गोठ्यामागे, कोणी बघत नाही तिथे. चिनी लोकांची रीतच न्यारी, बाई! तलवार डाव्या हातात? मी पोरवयात पट्टा फिरवला तो उजव्याने. पण तू लिहिलंयस म्हणजे तसंच असणार. पहिले आठ दिवस हात छातीच्या वर गेला नाही, आणि मी तुला नको नको ते बोललो. काल काठी कानापर्यंत आली. पुढचे प्रकार पाठव, अक्षर जरा मोठं काढ.

मृदंगाचं नाव मात्र काढू नकोस. डाव्या पुडीवर हात नीट पडला नाही, तर तो नुसता डबा वाजतो. चारचौघांत हसं करून घ्यायची माझी तयारी नाही.

रोहितला आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादा


भाईंदर पूर्व,
१ मार्च २०२५

ती. दादास,
सुगंधाचा दंडवत. आज खरोखरच पाया पडतेय.

रविवारी आम्ही डोंगरीला तलवारीचं प्रात्यक्षिक दाखवायला गेलो होतो. समोर पन्नास माणसं, आणि मी एका पायावर उभी राहून तलवार पुढे केली. हलले नाही! टाळ्या पडल्या. त्या आनंदात मी बाईंना माझी वही दाखवली, बघा माझा भाऊ पत्राने शिकतोय म्हणून. बाईंनी दोन पानं वाचली आणि विचारलं, की तुमचे भाऊ डावखुरे आहेत का?

दादा, बाई आमच्याकडे तोंड करून उभ्या राहतात. आम्हाला सोपं जावं म्हणून त्या मुद्दाम उलटं करतात. त्यांनी डावा हात उचलला की आम्ही उजवा उचलायचा. मी बागेत बरोबर करत होते, पण वहीत बाईंचा हात बघून लिहीत गेले. तुला पाठवलेले सोळाच्या सोळा प्रकार उलटे आहेत! तलवार उजव्याच हातात असते. दुखऱ्या हाताला दोन महिने काठी धरायला लावली मी तुला. शिमगा तोंडावर आला आणि मी हे करून बसले. हात जास्त तर दुखावला नाही ना? लगेच कळव. आणि थांबव ते सगळं.

मला माफ करशील एवढा लोभ शिल्लक असू दे.

तुझी,
सुगंधा


कोंडवाडी,
१६ मार्च २०२५

चि. सुगंधास,
पोटभर आशीर्वाद.

पत्र आलं आणि मी इतका हसलो की तुझी वहिनी धावत बाहेर आली. अगं वेडे, तू बरोबर लिहिलं असतंस तर मी उजव्या हाताने सोळाही प्रकार झोकात केले असते आणि डावा तसाच कमरेला लावून ठेवला असता. मला ओळखत नाहीस का?

होळीच्या आदल्या दिवशी घरात कोणी नाही असं बघून मृदंग खाली काढला. कोणाला बोललो नाही. परवा देवळासमोर नमन उभं राहिलं. माझ्या जागी घेतलेला गुणवंत मृदंग बांधून तयार होता. मी नुसता बघायला गेलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मृदंग कमरेचा सोडून माझ्यापुढे धरला. पोराची जाण बघ.

पहिली थाप उजव्याची. मग डावा टाकला, आणि सुगंधा, असा घुमला की मागची माणसं उठून उभी राहिली. गणपतीचा गण पुरा वाजवला. मग श्वास लागला आणि मृदंग गुणवंतला दिला. वहिनी रडत होती. मी रडलो नाही असं लिहिणार होतो, पण तुला खोटं कशाला लिहू.

सतरावा प्रकार पाठव. बाईंचाच हात बघून लिही.

तुझा,
लवूदादा