सार हेळिदरु

सोमवार, ७ जुलै

पुनीतची दोन बोटं गेली. उजव्या हाताची. पत्रा दाबायच्या प्रेसखाली!

त्या प्रेसला पुढे जाळीचा गार्ड आहे. तो उघडा असला की मशीन चालतच नाही. पण त्याचा स्विच तारेने बांधून ठेवला की मशीन फसतं, गार्ड उघडा असूनही चालतं, माल भराभर निघतो. तार कोणी बांधली? का बांधली? "सार हेळिदरु." सरांनी सांगितलं. लाइनवरच्या प्रत्येकाचं एकच उत्तर! अरे, सरांनी विहिरीत उडी मारायला सांगितली असती तर?

नंजनगूडच्या कारखान्यातून म्हैसूरला कुवेंपुनगरच्या घरी येईपर्यंत कंपनीच्या बसमध्ये तेच एक उत्तर कानात.

मंगळवार, ८ जुलै

सर म्हणजे प्रॉडक्शनचे उदय सर. गेलेच विचारायला. म्हणाले, "मी कुठे हुकूम दिला? 'स्वल्प ऍडजस्ट माडी' एवढंच म्हटलं." थोडं ऍडजस्ट करा! आणि तेही त्यांच्या मनाचं नाही म्हणे, ऑर्डर लवकर काढा असं वरून आलं होतं.

संताप झाला नुसता. खालचा म्हणतो जबाबदारी वरच्याची, वरचा म्हणतो तार मी बांधली नाही. मग बांधली कोणी, भुताने? मानसशास्त्राच्या एम.ए.ला हे सगळं परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. तेव्हा त्यात कोणाची बोटं नव्हती.

गुरुवार, १० जुलै

अर्जुनशी बोलले. पुनीतच्या शेजारच्या प्रेसवर असतो. त्याचे मराठी पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, घरी अजून मराठी बोलतात.

"पहिलं सफाईला बांधली मॅडम, पाच मिनिट. मग ऊटापर्यंत. मग सोडलीच नाय. सार बोलले मंजे माडलेबेकू, अल्लवा?"

ऊट म्हणजे जेवण. माडलेबेकू, अल्लवा म्हणजे करायलाच हवं, नाही का. असंच होतं हे! एकदम 'मशीनमध्ये हात घाल' असं कोणी म्हणत नाही. पाच मिनिटांनी सुरुवात. आणि एकदा हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी नाही कसं म्हणायचं? काल का हो म्हटलंस, याचं उत्तर द्यावं लागतं ना! शिवाय शेजारचे सगळे बांधतात, मग आपणच कोण शहाणे?

घरी अमेय म्हणतो, "कामगारांना ट्रेनिंग द्यायची नोकरी तुझी, एवढी चिडतेस कशाला?" चिडू नको तर काय, ओवाळू त्यांना?

शुक्रवार, ११ जुलै

पुनीतची बायको गेटवर आली होती. वॉचमनने आत सोडलं नाही. का? — सार हेळिदरु!!

मंगळवार, १५ जुलै

भांडून भांडून आज प्रशिक्षण घेतलं. विषय एकच: नाही म्हणायला शिका.

सगळ्यांना ओळीत उभं केलं. मी सर झाले. मी ओरडायचं, "तार बांधा!" त्यांनी ओरडायचं, "आगल्ला सार!" होणार नाही, सर! पहिल्यांदा कुजबुज, मग शेड दणाणली. अर्जुनचा आवाज सगळ्यांत मोठा. उदय सरांनी टाळ्या वाजवल्या — लाज कशी वाटत नाही!

एकटी सौम्या तोंड मिटून उभी. म्हैसूरच्याच चामराजपुरमची, तिच्याही घरी मराठी, नवीनच लागलीय. विचारलं तर म्हणते, "लटकं ओरडून काय होतंय मॅडम?" उलट मलाच! इतकी चिडले. सगळ्यांदेखत सुनावलं, "सांगितलं तेवढं करायला काय होतं तुला?" तरी ओरडली नाहीच. जाऊ दे. बाकीचे तरी शिकले.

बुधवार, १६ जुलै

बरं वाटतंय. निदान आपण काहीतरी केलं.

सोमवार, २१ जुलै

पुन्हा तारा आल्या.

अर्जुनने निमूट बांधली. म्हटलं, अरे, त्या दिवशी एवढा ओरडलास ना? "तुम्ही ओरडा बोललात मॅडम, ओरडलो."

पुनीतच्या प्रेसवर आता सौम्या आहे. तिने बांधू दिली नाही. मशीन बंद केलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. उदय सर सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसले — सांगितलं तेवढं करायला काय होतं तुला?

कानडीत म्हणाले, एवढाच फरक.