बांधावरचा मका

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

प्रिय चंपाआत्या,

जयभीम. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र आलं की तू चष्मा शोधतेसच, मग ते कुणाचं का असेना. गुडघा कसा आहे? दौलताबादला थंडी कडाक्याची असेल. मी इथे गच्चीवर ऊन खात लिहिते आहे.

तुझा राग कशाचा ते मला माहीत आहे. मागच्या रविवारी कडुबाकाका बांधापलीकडे उभे असताना मी म्हणाले, "आत्या, ही पिवळी पडलेली पपईची झाडं उपट." तू म्हणालीस, "व्हय गं, कडुबानं शिकवून पाठवलं का तुला?" आणि तेव्हापासून अबोला. ज्याने बांध कोरून तुझं रान आपल्यात घेतलं, त्याच्यासमोर मी त्याच्याच मनासारखं बोलले. हे घरात, चहा पिताना सांगायला हवं होतं. पण झाडं उपटावीच लागतील.

पिवळी पानं, फळांवर गोल कडी, हा विषाणूचा रोग आहे. विषाणूला ना पाय ना पंख, त्याला मावा हा रस शोषणारा चिमुकला किडा घेऊन फिरतो. हा मावा पपईवर संसारही मांडत नाही. मला बघायला आलेल्या पाहुण्यांसारखं त्याचं असतं: बसायचं, पोह्यांचा घास चाखायचा, 'कळवतो' म्हणून उठायचं. पण तेवढ्यात आजारी झाडाचा विषाणू त्याच्या सोंडेला लागतो आणि पुढच्या झाडात जातो. म्हणून तुझी फवारणी वाया गेली. औषधाने मावा मरेपर्यंत त्याचं चाखून झालेलं असतं, उलट बिथरून तो चार झाडं जास्त हिंडतो. आजारी झाड बरं करायचं औषध आमच्या शेतकी प्रयोगशाळेतही नाही. आणि माव्याला बांध कळत नाही. फेब्रुवारीअखेर पलीकडे पपईची नवी रोपं लागणार आहेत. तुझी झाडं तोवर उभी राहिली तर तो मळाही पिवळा पडेल.

"पडू दे" म्हणालीस ना आत्ता? ऐकलं मी.

तुला खरी भीती तुझ्या पपईचा वाण जाण्याची आहे. आल्यागेल्याच्या हातात पपई दिल्याशिवाय तू सोडत नाहीस. तर ऐक, हा रोग बियांतून येत नाही. दिवाळीला नेलेल्या फळाच्या बियांची मी गच्चीवर रोपं केली आहेत, बारीक जाळीच्या आत. घरमालकीण सरूबाई विचारतात, आत बाळ निजवलंय का.

आणखी एक उपाय आहे. बांधाला आत्ताच दाट मका पेरायचा. उडत आलेला मावा आधी त्या उंच मक्यावर उतरतो, तिथे सोंड खुपसतो, आणि विषाणू तिथेच पुसला जातो. मक्याला तो रोग होत नाही. मग मावा पपईवर गेला तरी तोंड पुसून जातो. फक्त मका बांधाच्या दोन्ही अंगांना हवा.

आता उरलेलं सांगते. पलीकडची नवी रोपं कडुबाकाका नाही, त्यांचा मुलगा अभय लावणार आहे. पपईच लाव, असं मीच त्याला सांगितलं. 'कळवतो' न म्हणता बसून राहिलेला हा एकच. आम्ही लग्न करायचं ठरवलं आहे. त्याच्या घरी अजून कुणाला माहीत नाही. आई गेल्यावर मला तू वाढवलंस. तू नाही म्हणालीस तर मी काय करीन, ते मला खरंच कळत नाही. म्हणून आधी माव्याबद्दल एवढं लिहीत बसले.

मक्याच्या बियांच्या दोन पुड्या पाठवते आहे. एक तुझी. दुसरी पलीकडे द्यायची की नाही, ते तू ठरव.

अजून तरी बांधाच्या अलीकडची,
करुणा

दौलताबाद
२६ जानेवारी

करुणे,

जयभीम. गुडघा ठीक हाय. पिवळी झाडं उपटून जाळली. लई जीव तुटला, पण वाण तुझ्यापाशी हाय म्हणून हात धजावला.

अभयचं मला दिवाळीलाच कळलं होतं. पपई न्यायला आली अन् नजर सारखी बांधापल्याड. चष्मा मला निस्ता वाचायला लागतो. राग आला तो ह्याचाच, की माव्याचं सांगती अन् मनातलं सांगत नाय.

दुसरी पुडी घेऊन बांधावर गेले. कडुबाला समदं सांगितलं. मावा, पोहे, अभय, तू. मग म्हणला, "पेरतो. पण बांध कुठला धरू?" म्हणलं, "जुना." कोरलेली जागा सोडून मागं सरला अन् पेरलं.

मका बोटभर वर आलाय. कडुबा मागणी घालायला यायचं म्हणतो. म्हणलं, ये, पण मक्यात तोंड पुसून ये. पोहे मी करते. कोण 'कळवतो' म्हणून उठतंय तेच बघते.

तू रोपं घेऊन ये. निम्मी इथं लावू, निम्मी तिथं.

बांधाच्या दोन्ही अंगांना तुझीच,
आत्या