पेटी का घुमली

लुइझियाना, सोमवार

आदरणीय अल्सीदमामांना भाची क्लोटिल्डचा नमस्कार.

ह्यूस्टनची हवा मानवली असेल. नवा गुडघा किती वाकतो ते अंशांत कळवा ("बरा आहे" हे मोजमाप नव्हे). तुमची होडी धक्क्याला सुखरूप आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

शनिवारी तुमच्या मासे धरायच्या गुप्त जागेवर गेले. पाणी कोमट झालेलं, कोळंबी नाल्यात शिरलेली. दोन तासांत अकरा ट्राउट आणि एक दांडगा रेडफिश मिळाला. निघताना होडी हलेना. दलदलीतल्या पाण्याची पातळी मोजणं हीच माझी नोकरी, त्यामुळे ओहोटीची वेळ मला मिनिटापर्यंत पाठ होती; सकाळी उत्तरेचा वारा सुटला होता, तो तेवढा हिशेबात धरायचा राहिला. (तुम्ही म्हणताच, "उत्तरेचा वारा आला की पाणी कोणाला न विचारता समुद्रावर जातं.") घोटाभर पाणी उरलं, खाली कमरेएवढा चिखल.

चिखलावरून घसरत जाणारी पंख्याची होडी घेऊन मदतीला आला तो नेमका एव्हरिस्ट पिनेल. ज्यांनी तुमची आधीची जागा गावभर केली आणि ज्यांच्याशी तुम्ही अकरा वर्षं बोलत नाही, त्यांचा मुलगा. ही जागा कोणाला कळू देणार नाही, असं शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला वचन दिलेलं. तेव्हा मी गळ लपवले आणि बर्फाच्या पेटीवर बसले.

"वाट चुकले," मी सांगितलं.

"पाणी मोजणाऱ्या बाई, आणि वाट चुकल्या?" त्याने पंखा बंद केला. "काही मिळालं का?"

"काही नाही."

तेवढ्यात पेटी घुमली. रेडफिश पाण्याबाहेर ढोलासारखा वाजतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. बर्फात तो गप्प होतो, हे माझं गृहीतक होतं.

"पोट," मी म्हणाले. "सकाळपासून उपाशी आहे."

त्याने डब्यातलं भात भरलेलं सॉसेज पुढे केलं. पेटी आणखी दोनदा घुमली, म्हणून मला आणखी दोन खावी लागली. मग त्याने दोर बांधून होडी ओढून काढली. "इथे कुठला मासा यायला," एवढंच वाटेत म्हणाला. धक्क्याला पोचलो तेव्हा कुठे मी पेटीवरून उठले. जागा सुरक्षित आहे, मामा. निश्चिंत असा आणि गुडघ्याचे व्यायाम चुकवू नका.

तुमची भाची,
क्लोटिल्ड

ता. क. पत्र अचूक असावं म्हणून लिहिते. दोर सोडताना तो म्हणाला, "तुमचं पोट सत्तावीस इंचांच्या वर असेल तर पाण्यात सोडून द्या हं, नियम आहे." माझ्या तोंडून "साडेसव्वीस" निघून गेलं.

दुसरा ता. क. ही जागा त्याला सहा वर्षांपासून माहीत आहे, असं त्याने मग सांगितलं. तुमची होडी तिथे दिसते म्हणून तो तिथे गळ टाकत नाही, आणि वडिलांनाही त्याने सांगितलेलं नाही. येत्या रविवारी त्याला तिथे न्यावं म्हणते. तुमची परवानगी हवी आहे, आणि होडीही. वारा दक्षिणेचा राहणार आहे; या वेळी मी आधी पाहिलं.