चार ओळी, एकतीस टेक

२ फेब्रुवारी

शेवटी दखल घेतली गेली. बावीस वर्षांपूर्वीची माझी एकुलती एक कादंबरी कुणीतरी वाचली, आणि तीही साक्षात एका सिनेमा दिग्दर्शकाने. तीन जिने चढून स्वतः घरी आला. आर्ट फिल्म काढतोय. एक लेखक आणि त्याची प्रेरणा. लेखकाला कित्येक वर्षं दुसरं पुस्तक जमत नाही, मग एक मुलगी त्याच्या आयुष्यात येते वगैरे. मी म्हटलं, हे तर माझ्यावरच आहे. त्याने खिशातून पेन काढलं. अशी माणसं लगेच कबूल करत नाहीत.

कादंबरीबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. सभ्यपणा. जिन्यातली पाण्याची टाकी धुण्याची नोटीस तुम्हीच लिहिलीत का, असं मात्र दोनदा विचारलं. मग कागदावर दोन ओळी लिहायला लावल्या. लिहीत असताना माझ्या तोंडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, हाताकडे टक लावून बघत होता.

हीरो डावखुरा आहे आणि त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यामुळे पडद्यावर लेखक लिहिताना दिसेल तेव्हा हात माझा असेल. थोडक्यात, प्रमुख भूमिका.

३ फेब्रुवारी

सौ.ला सांगितलं. फक्त हात का, असं विचारलं तिने. लेखकाचा हात म्हणजेच लेखक, हे तिला कोण समजावणार?

ती मशीनवर होती. ऑर्डरचे पडदे शिवते. मशीन पॅसेजमध्ये, बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या मध्ये. सहा वर्षं एकच धोशा, माझ्या लिहायच्या खोलीत मशीन ठेवू द्या, तिथे खिडकी आहे. पॅसेजमधला उजेड तिला सोसतो असं माझं निरीक्षण आहे. नाहीतर सहा वर्षं कुणी बसलं असतं का?

बोलता बोलता म्हणाली, त्या खोलीतून बावीस वर्षांत टाकी धुण्याच्या नोटिशीपलीकडे काही बाहेर आलेलं नाही. हे लागलं. मी तिथल्या तिथे शब्द दिला की सिनेमा पडद्यावर येईपर्यंत दुसरी कादंबरी पूर्ण नसेल, तर खोली मशीनला. तिने बॉबिन बदलली आणि बरं म्हणाली.

शब्द देताना भीती वाटली नाही. उलट कीवच आली तिची.

५ फेब्रुवारी

योजना पक्की. दिग्दर्शक फोनवर म्हणाला की कॅमेरा हातावर राहील, कागद धूसरच दिसेल, तुम्ही काहीही लिहा. काहीही काय म्हणून? कादंबरीच लिहायची! शूटिंग वीस दिवस. रोज चार पानं. ऐंशी पानं होतात. एका दगडात दोन पक्षी.

आजपासून हात जपायचा. भांडी घासणं आणि सामानाच्या पिशव्या उचलणं बंद. सौ.ला कळवलं. तिने पिशव्या स्वतःच उचलल्या, म्हणजे पटलं.

१४ फेब्रुवारी

शूटिंग पुढे ढकललं. घरी लिहायला सुरुवात करणार होतो, पण विषय आताच वापरला तर सेटवर काय लिहू? थांबणंच शहाणपणाचं.

खिडकीतून मानेवर ऊन येतं. खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ केली. आता पाठ छान शेकते. दुपारी झोप लागली.

१ मार्च, संध्याकाळी ७

पहिला दिवस. एका बंद पडलेल्या छापखान्यात लेखकाची खोली उभी केलीय. माझ्या खोलीपेक्षा भिकार, पण पुस्तकं जास्त. सकाळी आठला हजर झालो. दिवसभर टेबलावरचा चहा निवताना चित्रित केला. दोन वेळा. पहिल्या वेळी म्हणे लवकर निवला.

माझी पाळी आली नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर दहा तास. पाठ गेली. पानं: शून्य.

२ मार्च

पानं शून्य. पण आज नायिका आली. हीरो आला नव्हता म्हणून मला त्याच्या खुर्चीत बसवलं, कॅमेऱ्याकडे पाठ करून. ती समोर उभी राहिली आणि चार मिनिटं माझ्याकडे बघत राहिली. पापणीसुद्धा लवली नाही. मीही नजर हलवली नाही. बावीस वर्षांत असं माझ्याकडे कुणी बघितलेलं नाही.

कादंबरी तिच्यावरच लिहायची. ठरलं.

३ मार्च

सकाळी शर्ट धुवायला घेताना सौ.ला कॉलरवर चिकटवलेली लाल टेप सापडली. नायिकेने नेमकं कुठे बघायचं ते कळावं म्हणून सेटवरच्या एका चष्मेवाल्या असिस्टंटने लावली होती. असेल. पण एवढ्या मोठ्या सेटवर टेप लावायला मीच का सापडलो, याचाही विचार व्हायला हवा.

सौ.ने टेप फेकली नाही. पॅसेजमध्ये मशीनच्या सुईमागे चिकटवली. म्हणे त्यामुळे सुईचं भोक जरा दिसतं.

६ मार्च, सकाळी साडेसहा

आज माझा शॉट. अखेर! पहिलं वाक्य अजून सुचलेलं नाही, पण ते टेबलावर बसल्यावर येणार. निघताना सौ. मागून काहीतरी बोलत होती. सुई, खिडकी, नेहमीचंच. ऐकत उभा राहिलो असतो तर बस चुकली असती. दार ओढून घेतलं.

६ मार्च, संध्याकाळी

दमलो आहे. पण लिहितो, कारण आज चमत्कार झाला.

हीरोचा स्वेटर घातला. बाही मनगटापर्यंत ओढली. नायिका दाराशी उभी. दिग्दर्शक ॲक्शन म्हणाला आणि डोकं एकदम कोरं झालं. ठरवलेल्या ऐंशी पानांतलं एक अक्षर सुचेना. मी तिच्याकडे पाहिलं, आणि हात आपोआप चालू लागला. चार ओळी. एकही खाडाखोड नाही.

मला दिसत नाही.
सुईत दोरा जात नाही.
उजेडाची खिडकी घरात एकच आहे
आणि तुम्ही तिच्याकडे पाठ करून बसता.

कुठून आल्या, देव जाणे. प्रतिभा म्हणतात ती हीच. नायिकेकडे पाहताक्षणी सुचल्या म्हणजे प्रेरणा तीच, यात शंका नाही. बावीस वर्षांनंतर चार ओळी!

पाचवीला हात घालणार तेवढ्यात कट. पुन्हा एकदा. मी पाचवी ओळ लिहायला सुरुवात केली तर कंटिन्युइटीवाल्या बाई धावत आल्या. त्यांचं काम म्हणजे प्रत्येक टेकमध्ये सगळं तेच राहिलं पाहिजे. पेनातली शाई किती उतरली तेही बघतात. त्यांनी पहिल्या टेकच्या पानाचा फोटो काढला होता. याच चार ओळी, याच जागी, प्रत्येक वेळी. नवीन काही लिहायचं नाही.

मी सांगितलं की मी कादंबरी लिहितोय. त्या म्हणाल्या लिहा, पण फोटोत आहे तेवढीच.

चौदा टेक झाले.

७ मार्च

आणखी सतरा. एकूण एकतीस. कधी दिव्याची सावली पडली, कधी बाहेर कुत्रं भुंकलं, कधी माझी करंगळी म्हणे अभिनय करत होती.

जेवणाच्या सुट्टीत दिग्दर्शक पान हातात घेऊन बराच वेळ उभा होता. कुणाचं आहे म्हणाला. माझंच, म्हटलं. मग नायिकेने वाचलं. हे कोण म्हणतंय, असं विचारलं तिने. मी म्हटलं, ती. ती कोण? मी नुसतं हसलो. काही गोष्टी तिच्या तिने ओळखायला हव्यात. ती मला म्हणाली, काका, पण तिला कुणीतरी चष्मा करून द्या.

काका हा शब्द त्यांच्या व्यवसायात आदराने वापरतात.

८ मार्च

हाताचं काम संपलं असं कळवलं. वीस दिवस हीरोसाठी होते, माझे दोन. स्वेटर परत घेतला.

हिशोब: चार ओळी गुणिले एकतीस. एकशे चोवीस ओळी झाल्या. दोन दिवसांत एकशे चोवीस ओळी काही कमी नाहीत.

सौ.ने विचारलं, किती लिहून झालं? बरंच, म्हटलं.

१९ एप्रिल

कादंबरीला गती येत नाही. चार ओळींपुढे नायिका काही बोलत नाही. रोज बसतो. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे आवाज येतात, लक्ष लागत नाही. खिडकीला जाड पडदा शिवून दे म्हणून सौ.ला सांगितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी म्हटलं राहू दे.

११ जुलै

सौ.च्या डोळ्यांचा नंबर वाढला. नवीन चष्मा अजून केलेला नाही, ऑर्डरी संपल्यावर करू म्हणते. शेजारच्या बाईला हाक मारून सुई ओवून घेते. काल दोन पडदे उलटे शिवले गेले, रात्रीपर्यंत उसवत बसली. मलाही हल्ली थकवा जाणवतो. दोघांनाही आरामाची गरज आहे.

पानं: तीच चार ओळी. सुवाच्य अक्षरात पुन्हा काढल्या.

२ ऑक्टोबर

सिनेमा तयार. खास खेळाला दोघांना बोलावलंय, रविवारी दुपारी. दिग्दर्शकाने फोनवर सांगितलं की तुमच्या त्या शॉटचं एडिटिंगमध्ये वेगळंच काही जमून आलंय, कागद धूसर ठेवला नाही.

खोलीचा विषय सौ.ने काढला नाही. मी ठरवलंय की त्या चार ओळी पडद्यावर आल्या की तिला सांगायचं, हीच माझी दुसरी कादंबरी. कमी शब्दांत. आकारावर काय आहे? ती समजून घेईल. ओळी तेवढ्या ताकदीच्या आहेत.

५ ऑक्टोबर, संध्याकाळी

नीट लिहिलं पाहिजे, पण त्राण नाही.

सिनेमा पावणेतीन तासांचा. चहा निवतो तो भाग पूर्ण ठेवलाय. माझ्या पुढच्या रांगेतले दोघे त्यात झोपले. सौ. चष्म्याशिवाय आली होती, जुन्याने दिसत नाही म्हणून घरीच ठेवला. मला बरंच वाटलं, तिला सगळं धूसर दिसलं तरी चालणार होतं, मी कानात सांगणार होतो.

दीड तासाने माझा हात आला. मग कागद आला. पूर्ण पडदाभर. एकेक अक्षर माणसाएवढं. धूसर बिसर काही नाही. हात लिहीत गेला आणि थिएटर चिडीचूप झालं. पाऊण मिनिट. पलीकडच्या बाईंनी डोळे पुसले. माझी छाती फुगली.

कानात सांगायला वळलो तर सौ. ओठांतल्या ओठांत वाचत होती. एवढी मोठी अक्षरं तिला चष्म्याशिवाय दिसत होती. नाही, वाचत नव्हती. पडद्यावर शब्द येण्याआधी तिच्या तोंडात येत होता.

चौथी ओळ संपली. हात थांबला. ती थांबली नाही, आणखी एक वाक्य पुटपुटली.

मग आठवलं. ६ मार्चची सकाळ. बस. दार.

पुढचा सव्वा तास काय चाललं होतं कळलं नाही. बाहेर आल्यावर दिग्दर्शक सौ.च्या पाया पडायला वाकला, लेखकाची बायको म्हणून. तिने त्याला वरच्या वर उठवलं आणि चहा कितीतरी वेळ निवत होता असं सांगितलं.

बस स्टॉपवर बसलो. तिने विचारलं, ते किती वेळा लिहावं लागलं? मी एकतीस म्हटलं. तेव्हाही थोडा अभिमान वाटलाच, इथे खोटं कशाला लिहू.

ती समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, “एकतीस वेळा लिहिलंत, आणि एकदाही ऐकलं नाहीत.”

रागाने नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. पाचवी ओळ काय होती विचारलं. ती ओळ तुम्ही दार लावल्यानंतर म्हटली होती, म्हणाली, आता काय उपयोग. बस आली.

७ ऑक्टोबर

मशीन खोलीत गेलं. शेजारच्यांनी हात लावला. टेबल पॅसेजमध्ये आणताना एक पाय निखळला, पण भिंतीला टेकवून उभं राहतं. सौ.ने मशीन खिडकीला तोंड करून ठेवलं आणि सुई ओवली. पहिल्याच फटक्यात. लाल टेप काढून माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर लावली, येता-जाता ठेच लागू नये म्हणून.

मला वाईट वाटतंय. खोलीचं वाटेल असं वाटलं होतं. तिचं वाटतंय.

कादंबरी उद्यापासून. पॅसेजमध्ये एकाग्रता चांगली होईल.

१२ ऑक्टोबर

पॅसेजमध्ये बाथरूमला जाणारा प्रत्येक जण खुर्चीला धक्का देतो. घरात दोनच माणसं आहेत, तरी देतो.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी टाकी धुण्याची नोटीस परत पाठवली. अक्षर लागत नाही म्हणाले. ओळी एकमेकींवर चढल्यात. माझ्या अक्षराबद्दल असं चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

१५ ऑक्टोबर, दुपारी ३

भर दुपारी इथे दिसत नाही. वहीची रेघ सापडत नाही. सहा वर्षं ती इथे सुई ओवत होती. कशी बसली, कळत नाही. हे तिला सांगायला उठलो. खोलीच्या दारातून हाक मारली, मशीनच्या आवाजात तिला ऐकू गेली नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी मशीन थांबलं.

मी म्हटलं, तिथे उजेड नाही गं.

तिने वर न बघता सांगितलं की दिवा लहान आहे, मोठा आणा. म्हणाली, त्या सकाळी तुम्ही दार लावल्यावर मी हेच म्हटलं होतं. खोली नाही तर नाही, निदान एक मोठा दिवा आणा. मशीन पुन्हा सुरू झालं.

एवढीच होती पाचवी ओळ.

१५ ऑक्टोबर, ५ वाजता

जाऊन मोठा दिवा आणला. होल्डरमध्ये बसत नाही. या घरात दिवा कधी मी बसवलेला नाही, मला कसं कळणार कोणता लागतो. तिला विचारायला पाहिजे.

आतून मशीनचा आवाज येतोय. थांबेपर्यंत इथेच बसतो.